नवरा गेल्यावर मुलांच्या नावाची जमीन: अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अठराच्या आतल्या पोरांचा वाटा सांभाळणारी) आईनं काय करायचं आणि कशावर सही करायची नाही

दहावा-तेरावा उरकतो ना उरकतो तोच जमिनीचा विषय निघतो. पोरं लहान, बाई अजून धड जेवत पण नाहीये, आणि घरातलंच कुणीतरी एक टाइप केलेला कागद घेऊन येतं, वहिनी इथं सही करा, नुसती फॉर्म्यालिटी आहे, पोरांचं आम्ही बघतोच की. दहातल्या निम्म्या वेळा तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. हे लिहितेय ते अशा बाईसाठी, आणि खरं तर तिच्या माहेरच्या भावाबहिणीसाठी, कारण त्या दिवसांत तिला स्वतः काही शोधून वाचायची ताकद नसते. महाराष्ट्रातल्या शेतजमिनीचं आणि हिंदू वारसा कायद्याखाली येणाऱ्या कुटुंबांचं सांगतेय, त्यात बौद्ध, जैन, शीख पण येतात. बाकीच्यांचं शेवटाकडं थोडक्यात आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. नवऱ्याच्या हिश्श्यातला जो वाटा पोरांच्या नावावर येतो तो पोरांचा असतो. आईचा नाही, आजोबांचा नाही, काकाचा तर नाहीच. आई फक्त ते अठरा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या वतीनं सांभाळणार. म्हणजे आईनं मनात आणलं तरी तिला तो वाटा कुणाला सोडून देता येत नाही. आणि हेच तिचं सगळ्यात मोठं हत्यार आहे, कारण "मी सोडत नाही" असं म्हणायची वेळच येत नाही, "मला सोडता येतच नाही, कोर्टाची परवानगी लागते" एवढं म्हटलं की भांडण न करता सुटका होते. हे वाक्य पाठ करून ठेवा, खरंच.

आता वारस कोण ते बघू, कारण इथंच निम्मा घोळ. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या वाट्याला पहिले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई. सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे मागं बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि सासूबाई असतील तर चार वाटे, प्रत्येकी पाव. सासरे यात येत नाहीत, भाऊ येत नाहीत, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण कायदा असाच आहे. मुलीचा वाटा मुलाएवढाच, तिचं वय दोन असो नाहीतर बावीस. जमीन वडिलोपार्जित आणि न वाटलेली असेल तर आधी त्यातला नवऱ्याचा वाटा किती ते काढावं लागतं आणि पोरांचा जन्मानं आलेला हक्क पण धरावा लागतो, तिथं गणित बदलतं, ते वकिलाकडूनच करून घ्या, गावातल्या हुशार माणसाकडून नको.

पहिलं काम मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची, घरी मृत्यू झाला असेल तर हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून घ्या, बँक, सोसायटी, एलआयसी, शाळा, सगळे मागतात. नवरा अपघातात गेला असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लगेच जा, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, मृत्यूला 2 लाख मिळतात, पण उशीर केला की कागदांवरून अडवतात.

मग वारस नोंद. कायद्यानं 3 महिन्यांच्या आत कळवायचं असतं. तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून भाऊसाहेबच) अर्ज देता येतो, नाहीतर ई-हक्क या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि वयं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, पोरांचे जन्मदाखले, आधार, 7/12 आणि 8अ (खातेउतारा). प्रतिज्ञापत्र दुसऱ्या कुणी लिहून आणलं असेल तर सही करायच्या आधी त्यातली नावं बोट ठेवून मोजा. मुलीचं नाव गळलेलं असतं, किंवा सुनेचं स्वतःचंच नसतं. "टायपिंगमध्ये राहिलं" असं सांगतात, ते राहिलेलं नसतं.

अर्ज गेला की आधी वारस नोंदवहीत चढतो, मग फेरफार (नावं बदलल्याची नोंद) पडतो, नोटिसा निघतात, 15 दिवस हरकतीला ठेवतात, आणि कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ती नोटीस घरी आली आणि सासऱ्यांनी किंवा दिरानं घेऊन कपाटात ठेवली असं फार होतं, म्हणून फेरफार नंबर विचारून घ्या आणि ऑनलाइन स्वतः बघत राहा. हरकत आली तर सुनावणी होते, घाबरायचं कारण नाही, दाखले दाखवायचे. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपील आहे, 60 दिवसांत.

नोंद झाल्यावर नवीन 7/12 काढा आणि नीट वाचा. पोराचं नाव, पुढं वय, आणि मग "अज्ञान, अ.पा.क." आणि त्यापुढं ज्याचं नाव तो पालनकर्ता. तिथं आईचं नाव पाहिजे. चुलत्याचं किंवा आजोबाचं नाव लागलं असेल तर तिथल्या तिथं तलाठ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही. वडील गेल्यावर हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा 1956 प्रमाणं आईच नैसर्गिक पालक, दुसऱ्या कुणाला मधे यायचं कारण नाही. दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे आईचं नाव दोनदा दिसतंय का, एकदा स्वतः वारस म्हणून आणि एकदा पोरांची अ.पा.क. म्हणून. नुसतं अ.पा.क. म्हणून आलं असेल तर तुमचा स्वतःचा हिस्सा कागदावरून गेला, कळणार पण नाही. आणि तिसरी, कुठं "ए.कु.मॅ." असं दिराचं नाव लागलंय का. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांमागं पोरांची नावं झाकली जातात आणि वीस वर्षांनी पोरगं विचारतं की आमचं नाव कुठंय. 7/12 हा काही मालकीचा अंतिम पुरावा नाही हे खरं, पण गावात, सोसायटीत, कारखान्यात सगळं त्याच्यावरच चालतं.

आता मुख्य मुद्दा, अ.पा.क. आईला काय करता येतं. जमीन कसता येते, कसायला देता येते, वर्षाच्या बोलीवर खंडानं किंवा वाट्यानं देता येते, पीक विकता येतं, पिकाचे पैसे पोरांवर खर्च करता येतात, पोरांच्या वतीनं केस लावता येते. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, सासरच्यांची पण नाही. ऊस असेल तर कारखान्याकडची ऊस नोंद तुमच्या नावावर करून घ्या, कारण नोंद ज्याच्या नावावर बिल त्याच्या खात्यावर, आणि "देतो की वहिनी" मध्ये दोन सीझन निघून जातात. पीएम किसान पण वारस नोंदीनंतर तुमच्या नावानं करून घेता येतं.

कोर्टाच्या परवानगीशिवाय जे करता येत नाही ते असं: पोरांच्या हिश्श्याची जमीन विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं, अदलाबदल करणं, आणि 5 वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं, किंवा पोरगं सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढं जाईल अशा मुदतीनं भाड्यानं देणं. हे शेवटचं आजकाल महत्त्वाचं झालंय, सोलरवाले येतात, 25-30 वर्षांचा करार, दरवर्षी एकरी इतके, ऐकायला गोड वाटतं, पण पोरांच्या हिश्श्यावर अशी सही आईनं कोर्टाशिवाय केली तर पोरगं मोठं झाल्यावर ती मोडू शकतं, आणि कंपनीचा वकील हे तुम्हाला सांगत बसणार नाही. हक्कसोडपत्र पण यातच आलं. आई स्वतःचा हिस्सा सोडू शकते (सोडू नका, पण शकते), पोरांचा नाही. तरी पण अशी हक्कसोडपत्रं होतात, रजिस्टर पण होतात, आणि लोकांना वाटतं सरकारी शिक्का बसला म्हणजे पक्कं झालं. पक्कं होत नाही. पोरानं सज्ञान झाल्यावर 3 वर्षांच्या आत दावा लावला तर ते रद्द होऊ शकतं. पण तीन वर्षं गप्प बसला तर मात्र गेलं, म्हणून एखाद्या घरात आधीच असं झालं असेल तर पोराच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख कुठंतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

एक पळवाट इथं आहे ती माहीत असू दे. जमीन एकत्र कुटुंबाची, न वाटलेली असेल तर घरचा कर्ता कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी ती विकू शकतो, त्यात पोरांचा न वाटलेला हिस्सा पण जातो, आणि तिथं वर सांगितलेली कोर्टाची परवानगी लागत नाही. गरज खरी होती का यावर नंतर भांडता येतं, पण ते भांडण दहा-पंधरा वर्षांचं. म्हणून माझं स्पष्ट मत, घरात विश्वासाचं वातावरण नसेल तर वाटणी लवकर करून घ्या. सगळे तयार असतील तर तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 चं वाटप, तयार नसतील तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा, त्यात पोरांच्या वतीनं आई उभी राहते. कुणी वाईट दिसाल म्हणेल. नाती टिकवायला म्हणून वाटणी न करता राहिलेली घरं पुढं जास्त वाईट भांडलेली मी बघितलीत.

कधीकधी विकायची खरंच गरज असते. नवऱ्याचं दवाखान्याचं कर्ज, पोरीचं शिक्षण, नाहीतर पडीक तुकडा विकून गावाजवळ घर. तर मग अर्ज कुठं, तर जमीन ज्या हद्दीत येते तिथल्या जिल्हा न्यायालयात, किंवा हे काम चालवायचे अधिकार दिलेल्या दिवाणी कोर्टात. आई नैसर्गिक पालकच आहे त्यामुळं आधी पालक नेमून घ्यायची गरज नसते, फक्त विक्रीची परवानगी मागायची. कोर्ट एवढंच बघतं की पोरांची गरज आहे का, किंवा पोरांचा उघड फायदा आहे का. आईची गरज, दिराच्या मुलीचं लग्न, ट्रॅक्टरचा हप्ता, हे चालत नाही. अर्जाला काय जोडता त्याच्यावर सगळं आहे: 7/12, फेरफार, रेडी रेकनरचा (सरकारी बाजारभावाचा) दर, गिऱ्हाइकाची लेखी ऑफर, फीच्या पावत्या, दवाखान्याची बिलं, कर्जाचा उतारा. रेडी रेकनरपेक्षा कमी किमतीची ऑफर घेऊन गेलात तर जज पहिला प्रश्न तोच विचारणार. आणि परवानगी मिळाली तरी पोरांच्या हिश्श्याचे पैसे बहुतेक वेळा राष्ट्रीयीकृत बँकेत पोरांच्या नावानं, सज्ञान होईपर्यंत एफडीत ठेवायला लावतात, व्याज तेवढं काढता येतं. म्हणजे ज्यांना वाटतं परवानगी काढली की सगळी रक्कम हातात येईल त्यांनी आधीच समजून घ्या. गिऱ्हाइकाला पण हे सांगा, परवानगी येईपर्यंत इसार घेताना जपून.

हे सगळं वडील जिवंत असले तरी तसंच लागू आहे बरं का. हौसेनं पोराच्या नावावर प्लॉट घेणारे बाप भरपूर, चार वर्षांनी धंद्यात पैसे लागले की विकायला निघतात आणि तेव्हा कळतं की आपल्याच पैशानं घेतलेला प्लॉट विकायला कोर्टात जावं लागतंय. आजोबांनी नातवाला बक्षीसपत्रानं दिलेल्या जमिनीचं पण तेच. आणि नवरा जिवंत आहे पण घर सोडून गेलाय, पोरांकडं बघत नाही, अशी परिस्थिती असेल तर 1999 मध्ये सुप्रीम कोर्टानं गीता हरिहरन यांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की अशा वेळी आईला पालक म्हणून वागता येतं, बाप मरायची वाट बघायची गरज नाही. ते प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या विरुद्ध होतं, आईच्या सहीनं मुलाच्या नावाचे बाँड घ्यायला नकार मिळाला होता म्हणून.

पैशांचं थोडक्यात. प्रत्येक पोराच्या नावानं वेगळं बँक खातं उघडा, पालक म्हणून आई, आणि पोरांच्या हिश्श्याचं जे काय येईल, खंड, ऊसबिल, भूसंपादनाचा मोबदला, ते तिथंच जाऊ दे. एक वही ठेवा. कोर्टात जायची वेळ आली तर ती वही दहा साक्षीदारांच्या बरोबरीची आहे, आणि पुढं पोरगं किंवा त्याची बायको हिशेब मागायला लागली तरी उघडून दाखवता येते. मुलीचं सुकन्या खातं आजी-आजोबांनी उघडलं असेल तर ते नैसर्गिक पालकाच्या नावावर वळवून घ्या, 1 ऑक्टोबर 2024 पासून ते गरजेचं झालंय. नवऱ्याचा पीएफ कापला जात असेल तर बायकोच्या पेन्शनशिवाय दोन मुलांना पण पेन्शन असते, बायकोच्या पेन्शनच्या 25 टक्के प्रत्येकी, वयाच्या 25 वर्षांपर्यंत, ही मागायची राहून जाते. आणि बालसंगोपन योजना, एक पालक गेलेल्या मुलांना महिन्याला 2250 रुपये, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. अंगणवाडी ताईला विचारलं तर कागद काय लागतात ते ती सांगते.

आता जे कायद्याच्या पुस्तकात नसतं ते. "पोरं आमच्या घराण्याची, तुला जायचंय तर तू जा माहेरी" हे वाक्य ऐकायला लागतं. बाप गेल्यावर ताबा आईकडंच राहतो, आजी-आजोबांना वाटत असेल तर त्यांना कोर्टात जाऊन दाखवावं लागेल की पोरांचं भलं आईजवळ नाही, आणि हे दाखवणं सोपं नाही. पाच वर्षांच्या आतलं मूल तर सहसा आईकडंच देतात. माहेरी गेल्यानं जमिनीवरचा हक्क जात नाही, आणि दुसरं लग्न केल्यानं पण जात नाही, एकदा वारसानं आलेला हिस्सा आलाच. फक्त नवा नवरा पोरांचा नैसर्गिक पालक होत नाही, पोरांच्या जमिनीच्या कुठल्याच कागदावर त्याची सही नको. सासरच्यांना तेवढंच निमित्त पाहिजे असतं.

पण सासूबाईंशी उगाच वाकडं घेऊ नका. त्यांचा पोटचा मुलगा गेलाय, आणि कागदावर त्या पण तुमच्याएवढ्याच वारस आहेत, त्यांनी त्यांचा पाव हिस्सा कुणाला लिहून दिला यावर उद्याचा बांध ठरतो. पोरांना सुट्टीत आजीकडं पाठवत राहा, गणपतीला, पोळ्याला नेत राहा. पोरं गावात दिसत राहिली की जमिनीला मालक आहे हे लोकांच्या लक्षात राहतं, आणि जो माणूस नातवाला मांडीवर घेतो त्याला त्याच नातवाच्या नावावर काट मारायला जरा जड जातं. सगळ्यांनाच जातं असं नाही.

पोरांना पण कळू दे. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला 7/12 वाचायला शिकवा, आपला गट नंबर पाठ पाहिजे, शिवेला कोण कोण आहे ते माहीत पाहिजे, मुलीला पण, तिला आधी. अठरा पूर्ण झाले की वयाचा पुरावा लावून अ.पा.क. शेरा कमी करायचा अर्ज द्यायचा, ई-हक्क वर त्याचा वेगळा पर्यायच आहे. हे केलं नाही तर तिशीतल्या माणसाच्या नावापुढं पण "अज्ञान" तसंच राहतं आणि कर्जाला गेला की सोसायटीचा सचिव तोंडाकडं बघून हसतो.

बाकीच्यांचं. मुस्लिम कुटुंबात आई मुलांच्या मालमत्तेची आपोआप पालक होत नाही, बापानंतर सहसा आजोबा, त्यामुळं आईनं गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा 1890 खाली कोर्टाकडून नेमणूक करून घ्यायची, ते लवकर करा. ख्रिश्चन, पारशी यांना पण पालक नेमायला तोच 1890 चा कायदा. आदिवासी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा सरसकट लागू नाही आणि जमीन विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वगैरे वेगळीच भानगड आहे. गोव्यात तर वारसाचं सगळं प्रकरणच निराळं, तिथं इन्व्हेंटरी (कोर्टातून मालमत्तेची यादी करून वाटप) चालते, महाराष्ट्रातलं काही तिथं लावू नका.

वकिलाच्या फीवरून अडू नका. बाई असेल किंवा मूल असेल तर सरकारी मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, जिल्ह्याला प्राधिकरण, आणि फोन करायचा तर 15100. जाताना 7/12, 8अ, मृत्यूचा दाखला आणि पोरांचे जन्मदाखले, प्रत्येकी दोन झेरॉक्स, आणि कुणी सही करायला दिलेला कागद असेल तर तो पण घेऊन जा, सही न करता.